अमेरिकन पोयटा

गाडीचं डावं चाक मधल्या तुंब्यापर्यंत रुतलं आणि पाणी फळ्यांवर चढलं. गाडीवान धोंडूआबांनी आधी बैलांना शिव्या दिल्या, मग नदीला, मग मला, कारण गाडीत सगळ्यांत जड मीच होते.

"मावशी, उतरा! गाडी हलकी व्हऊ द्या!"

"उतरू कुठं? नदीत?"

"न्हाई तर काय, ठेसनावर?"

मी उतरले. पाणी कमरेपर्यंत आलं. खाली वाळू किंवा दगड असेल अशी माझी समजूत होती, पण होता पोयटा. पोयटा म्हणजे पुरानंतर नदी मागे टाकते तो लोण्यासारखा गाळ. शेतात पडला तर पीक दुप्पट होतं, असं शेतकरी सांगतात. मी त्यात गुडघ्यापर्यंत गेले आणि पाय काही वर येईना. वर घाटात कुठे तरी परतीच्या पावसाची सर पडली असावी, कारण आमच्या डोक्यावर ऊन होतं आणि नदी मात्र चढत होती.

धोंडूआबांनी बैलांच्या गळ्यातल्या जुपण्या सोडल्या. हरण्या आणि तांबडा मोकळे झाले आणि आमच्याकडे वळूनही न बघता पलीकडच्या काठाला निघाले. इंदू, माझ्या भावाची मुलगी, गाडीत उभी होती. तिचं कपड्यांचं बोचकं वाहत गेलं ते तिने जाऊ दिलं. मग तिचं पुस्तक फळीवरून घसरलं, आणि ते धरायला म्हणून ती वाकली ती सरळ डोक्यावर पाण्यात.

मी तिची वेणी धरली. हाताला तेवढंच लागलं.

"आत्या, पुस्तक!"

"पुस्तक गेलं तर जाऊ दे. तू पोहायला शिकली नाहीस."

तेवढ्यात पलीकडच्या काठावर माणसं दिसली. बरीच होती. कुणाच्या हातात टोपली, कुणाच्या हातात घमेलं. त्यांनी मुंडाशी सोडली, एकाला एक गाठी मारल्या आणि ते टोक धरून चौघं पाण्यात शिरले. त्यांच्यातला एक मोठ्याने ओरडत होता, "बाईंचा माल आदी सांबाळा! नमुना भिजला तर समदं फुकट!"

नमुना म्हणजे मीच, असं मला वाटलं. त्या अवस्थेत राग यायला सवड नव्हती.

हे सगळं आंबीच्या उतारावर, इंद्रायणीत झालं. आता आम्ही तिथे कशा पोचलो ते सांगते. तुमच्यापैकी कुणी मावळात गेलं नसेल तर ऐकून ठेवा, आणि गेलात तर गाडीवानाला आधी नीट ऐकू येतं का ते बघा.

लोणावळे

आम्ही बार्शीकडच्या. माझं शिक्षण मराठी चौथी. इंदूचं मात्र बरंच झालंय, कारण तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, तो नाद होता. तो वारल्यावर तिचा भाऊ विष्णू घरात कर्ता झाला. त्याने करमाळ्याचा एक बिजवर पाहिला. माणूस वाईट नव्हता. दोन लेकरं, घोडा, दुकान. पण इंदूला मास्तरीण व्हायचं होतं. शेवटी बहीणभावात असं ठरलं की दिवाळीच्या आत नोकरी लागली तर विष्णूने गप्प बसायचं, नाही लागली तर मार्गशीर्षात इंदूने बोहल्यावर उभं राहायचं. दोघांनी माझ्या पायाला हात लावून शब्द दिला. म्हणून मीही अडकले. एकट्या पोरीला कोण धाडणार?

लोणावळ्यात तुंगार्लीला गोदूताई राहतात. बाई साठीच्या, मुलींच्या शिक्षणाचं काम करतात. मावळातल्या खेड्यांत मुलींचे वर्ग काढायचे आणि तिथे मास्तरीण बसवायची, हा त्यांचा उद्योग. इंदूने त्यांना विचारलं होतं, त्यांनी या म्हटलं, आम्ही गेलो.

लोणावळे म्हणजे ओल. आश्विन लागला होता तरी भिंती घामेजलेल्या. गोदूताईंच्या घरी मिठाच्या बरणीत मीठ नाही, पाणी. पापड ताटात वाढेपर्यंत मऊ. धुतलेली लुगडी शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर वाळवतात, म्हणजे आपण दिवसभर भाजल्यासारखे वास मारतो. आमच्याकडे दोरीवर टाकलेलं धोतर दुसरं टाकेपर्यंत वाळतं. मी गोदूताईंना म्हटलं, "तुमच्याकडचं थोडं पाणी आम्हाला द्या, आमच्याकडचं ऊन घ्या." त्या म्हणाल्या, "ऊन आधी पाठवा."

पहिल्या सकाळी धुकं एवढं होतं की परसात जाताना मी कुणाला तरी धडकले. "बाई, बाजूला व्हा," म्हटलं. ती म्हैस होती.

बाजारात गुडदाणी मिळते. गूळ आणि शेंगदाणे, वडी थापलेली, दगडासारखी. रेल्वेच्या कामावरची माणसं ती खिशात ठेवून दिवस काढतात म्हणे. मी एक तुकडा चावला आणि माझा हलणारा दात त्यातच राहिला. गेलं वर्षभर तो मला छळत होता. बार्शीच्या वैद्याला जमलं नाही ते काम लोणावळ्याच्या गुडदाणीने केलं. दात काढून टाकला आणि उरलेली गुडदाणी दुसऱ्या बाजूने खाल्ली. चव चांगली आहे.

दुपारी वलवणचं धरण पाहिलं. एवढं पाणी एका जागी मी पहिल्यांदाच बघितलं. काठाने तेरडा आणि पिवळी सोनकी अशी फुललेली की कुणी हळदीकुंकू सांडलंय असं वाटावं. हे पाणी नळातून घाटाखाली सोडतात आणि त्याची वीज करतात, ती मुंबईला जाते, असं इंदूने समजावलं. मी विचारलं, "मग पाण्याचं काय होतं?" ती म्हणाली, "पाणी पाणीच राहतं." म्हणजे काम करून घेतात आणि जसंच्या तसं सोडून देतात. सुनांच्या बाबतीत असं कुणी करत नाही.

तिथेच बसून इंदूने मला तिच्या कवीचं सगळं पुन्हा ऐकवलं. हा कवी अमेरिकेतला, गेल्या शतकातला. त्याचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही, म्हणून मी त्याला दाढीवाला म्हणते. पुस्तकात पहिल्याच पानावर चित्र आहे, दाढी पोटापर्यंत. नदीकाठच्या गावात जन्मला, बाप होड्या भाड्याने द्यायचा. पुढे शाळेत शिकवायला लागला आणि पोरांना शिकवता शिकवता कविता करू लागला. एक मूल लहानपणी गेलं, त्याच्यावर कविता केली. ती म्हणे तिकडच्या बायका चुलीपुढे म्हणत. घरोघर त्याची पुस्तकं होती. अनोळखी माणसं दार वाजवून 'आम्ही तुम्हाला बघायला आलो' म्हणायची, आणि हा त्यांना आत घेऊन चहा द्यायचा. पण मोठे विद्वान नाक मुरडत, कारण तो फार सोपं लिहितो.

हे मला कधी कळलं नाही. अवघड लिहायला काय लागतं? आमचे तलाठी रोज लिहितात.

इंदूने या दाढीवाल्यावर पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात भाषण केलं होतं आणि बक्षीस म्हणून त्याचंच पुस्तक मिळवलं होतं. तिच्याकडे भाषण म्हणून एवढं एकच होतं. गोदूताईंनी रात्री जेवताना तिला अट सांगितली.

"हे बघ, लोणावळ्यात, तळेगावात कुणीही टाळ्या वाजवतं. तू आंबीला जा. तिथे वर्ग काढायचा आहे आणि लोक ऐकत नाहीत. तिथल्या लोकांपुढे बोल. त्यांनी पोरी शाळेत घालायचं कबूल केलं तर तिथली मास्तरीण तू. नाही केलं तर तूही मोकळी, मीही मोकळी."

"बोलू कशावर?"

"जे येतं त्यावर."

दुसऱ्या दिवशी आंबीचे धोंडूआबा आंबेमोहोर तांदूळ घालायला गोदूताईंकडे आले. वय माझ्याएवढंच, मिशा पांढऱ्या, डावा कान कामातून गेलेला. गोदूताईंनी त्यांच्याबरोबर निरोप दिला.

"धोंडूआबा, पाटलांना सांगा, या इंदूताई शनिवारी येतील. मारुतीच्या देवळात व्याख्यान आहे म्हणावं. अमेरिकन पोएटवर."

धोंडूआबांनी उजवा कान पुढे केला. "अमेरिकेचा?"

"हो, अमेरिकेचा."

"ताई सोता सांगनार?"

"स्वतः. पुस्तक घेऊन येणार आहे."

म्हाताऱ्याचे डोळे चमकले. "मंग बघा, समदं गाव यील. आजूबाजूची दोन गावं यीतील. ह्याची लय गरज हाय आमाला."

ते गेल्यावर गोदूताई मला म्हणाल्या, "बघितलंत? खेड्यातला माणूस कवितेला किती आसुसलेला असतो, आपल्याला कल्पना नसते." माझ्या साठ वर्षांत कवितेसाठी चमकलेले डोळे मी इंदूचेच काय ते पाहिले होते.

आंबी

शनिवारी आम्ही आगगाडीने तळेगावला उतरलो. धोंडूआबा बैलगाडी घेऊन हजर होते. तिथून आंबीला जायचं तर मध्ये इंद्रायणी, आणि तिचं काय झालं ते तुम्ही वाचलंच.

गाठी मारलेल्या मुंडाशांना धरून इंदू बाहेर आली, मग धोंडूआबा आले. मला चौघांनी उपटलं. उपटलं हाच शब्द बरोबर आहे, मुळा उपटतात तसं. माझी एक वहाण अजून इंद्रायणीत आहे.

पाटलांच्या आईने, तिला सगळे बयाआजी म्हणतात, आम्हाला घरात नेलं, तिची लुगडी नेसवली आणि चुलीपुढे बसवलं. बयाआजी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी मोठी, कमरेत वाकलेली, आवाज मात्र कणखर.

"खेकडा खाता का?" तिने विचारलं.

आमच्याकडे खेकडा म्हणजे कधीमधी ओढ्यात पायाला चावणारा प्राणी. मी म्हटलं, "आजवर त्यानेच आम्हाला खाल्लंय."

"मंग आता फेडून घ्या," म्हणाली आणि भातखाचरातल्या खेकड्यांचं लालभडक कालवण वाढलं. वर आंबेमोहोरचा भात. आमच्याकडे भात सणाला, तोही वाटीभर. इथे भातच जेवण आणि भाकरीही तांदळाचीच, पांढरी, पदरासारखी मऊ. मी तीनदा भात घेतला. तासाभरापूर्वी आपण बुडत होतो, हे जेवताना एकदाही आठवलं नाही.

इंदूने मात्र दोन घास खाल्ले. "पुस्तक नाही, आत्या. मी काय बोलू?"

"जे येतं ते," मी म्हटलं. "आणि रडू नकोस. बयाआजीचं लुगडं आहे, ओलं झालं तर इथे चार दिवस वाळायचं नाही."

देवळापुढे खरोखरच गर्दी होती. पुढे बापये, बाजूला भिंतीला धरून बायका. पुष्कळांनी टोपल्या आणल्या होत्या. नदीत ओरडत होता त्याने तर रिकामं पोतं आणलं होतं. मला वाटलं इकडे व्याख्यानाला शिधा देण्याची पद्धत असेल.

इंदू उभी राहिली. आवाज जरा कापत होता. गोदूताईंनी सांगितलेले शब्दच तिने धरले.

"अमेरिकेतल्या या पोएटचा जन्म नदीकाठी झाला."

माना डोलल्या. "तितंच व्हनार," एक जण म्हणाला.

"लहानपणापासून तो नदीच्या अंगाखांद्यावर वाढला."

"बराबर."

"पुढे त्याची कीर्ती देशभर पसरली. घराघरात लोक त्याला जपून ठेवू लागले."

"घरात?" मागून कुणी तरी विचारलं. "शेतात न्हाई?"

"गप ऱ्हा. थंड मुलूक हाय, घरात ठेवत असतील," दुसरा म्हणाला. मग त्यानेच इंदूला विचारलं, "ताई, एकरी किती गाड्या टाकत्यात?"

इंदूला प्रश्न कळला नाही. ती घाबरली की पाठ केलेलं पुढे म्हणते, लहानपणापासूनची खोड. ती म्हणाली, "त्याला लांब पांढरी दाढी होती."

माना डोलायच्या थांबल्या.

"पोयट्याला दाढी?"

"मुळ्या असतील," पोतंवाला समजुतीने म्हणाला. "गवताच्या."

"आणि तो शाळेत शिकवायचा," इंदू म्हणाली.

तेव्हा पाटील उभे राहिले. दांडगा माणूस, पण बोलणं सौम्य. "ताई, जरा दमानं. शाळंत कोन शिकवायचा?"

"पोएट."

"पोयटा?"

"पोएट. म्हणजे कवी. कविता करणारा."

"म्हंजी मानूस?"

"हो. माणूस."

पाटलांनी सावकाश मान वळवून धोंडूआबांकडे पाहिलं. धोंडूआबा खांबाआड सरकत होते. "माज्याकडं काय बघताय? गोदूताई सोता म्हनल्या, अमेरिकन पोयटा. ह्या ताई नमुना घेऊन येनार म्हनल्या."

"पुस्तक म्हनल्या असतील, आबा," पाटील म्हणाले.

"व्हय, पुस्तक बी म्हनल्या. मला वाटलं वापरायची रीत लिवलेली आसंल."

आधी एक बाई फिसकन हसली. मग बायकांची सगळी भिंत हसली. मीही हसले, आणि माझ्या लक्षात आलं की ज्यांनी मला नदीतून काढलं ते हात माझ्यासाठी नव्हे, अमेरिकन गाळाच्या पोत्यासाठी धावले होते. पण बापये हसत नव्हते. शेजारच्या गावाहून आलेले उठले, धोतरं झटकू लागले. "दीस मोडला," पोतंवाला म्हणाला आणि पोतं खांद्यावर टाकलं.

इंदूने पाटलांना विचारलं, "आणि मुलींचा वर्ग?"

"बघू, ताई. दिवाळी होऊन जाऊ द्या."

दिवाळी होऊन गेली म्हणजे करमाळा. इंदूचा चेहरा उतरला. मला भाषण येत नाही, पण बसूनही राहवेना.

"अहो पोतंवाले!" मी म्हटलं. "तुम्ही नदीत ओरडत होता ना, माल सांभाळा म्हणून? माल हा एवढाच आहे, ही पोरगी. ओढून तुम्हीच काढलात. आता निदान उलगडून बघा, मग टाका."

बयाआजी बाजूला भिंतीला टेकून होती. ती म्हणाली, "बसा रं. घरी जाऊन काय दळनं टाकनार हाय तुमी? गानारा तर गानारा. बोल गं बाई, काय गायला त्यो दाढीवाला?"

आईने बसा म्हटल्यावर पाटील बसले. पाटील बसले म्हणून बाकीचे बसले.

इंदूने पाठ केलेलं भाषण सोडून दिलं. तिने एका कवितेची गोष्ट सांगायला घेतली, घरी माझ्याशी बोलते तशी. दोन भाऊ, मधून ओढा. अलीकडचं शेत थोरल्याचं, पलीकडचं धाकट्याचं. एका वर्षी मोठा पूर आला आणि ओढ्याने वाट बदलली. दोघांच्या मध्ये नवी जमीन पडली, काळीभोर, निव्वळ गाळाची.

"म्हंजी पोयटाच की," पोतंवाला पुढे सरकला.

"पोयटाच," इंदू म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

थोरला म्हणाला माझी, कारण ओढा माझ्या बाजूने फिरला. धाकटा म्हणाला माझी, कारण गाळ माझ्या बांधाचा वाहून आला.

पुढे कविता काही काळ ऐकू आली नाही, कारण देवळापुढे निवाडा सुरू झाला. निम्मे थोरल्याकडून, निम्मे धाकट्याकडून. "बांद कुटं व्हता ते आदी सांगा!" "बांद ग्येला की पुरात!" "मंग मोजनी करा!" एकाने काडीने धुळीत ओढा काढला, दुसऱ्याने तो पुसून आपला काढला. अमेरिकेतल्या त्या जमिनीसाठी आंबीत दोघांचे हात एकमेकांच्या गळ्याशी गेले होते. इंदू मला नंतर म्हणाली, कॉलेजात याच कवितेवर मुली जांभया देत होत्या.

शेवटी बयाआजी ओरडली, "आरं गप! त्या दोगांना आई हाय का न्हाई?"

"आहे," इंदू म्हणाली. "दोघं भांडत तिच्याकडे जातात. आणि ती म्हणते..."

ती थांबली.

"काय म्हनती?"

"आईचं बोलणं म्हणजे कवितेचा शेवट. तो मी नेहमी पुस्तकातून वाचते. मला त्याचे शब्द पाठ नाहीत, आणि पुस्तक नदीत गेलं."

"अंदाजानं सांगा की!"

"पदरचं घाला!"

"पदरचं नाही घालणार," इंदू म्हणाली. "ते त्याचं आहे."

हा हट्ट तिच्या बापाचा. मला तिथल्या तिथे तिला चिमटा काढावासा वाटला. एक वाक्य पदरचं घातलं असतं तर अमेरिकेतून कोण विचारायला येणार होतं? लोक चडफडत उठले, पण ही चडफड निराळी होती. ताटावरून उठवल्यासारखी.

दुसरा दिवस

सकाळी नदी उतरली होती. धोंडूआबांची गाडी काढायची म्हणून माणसं निघाली, तर निम्मं गाव मागे. सगळ्यांच्या हातात कालच्याच टोपल्या. गाडी निघाली, आणि मग ते तिथून खाली काठाकाठाने पोयटा उकरत चालले. पोयटा टोपलीत, टोपली शेतावर, आणि प्रत्येक टोपलीत आधी हात घालून पुस्तक आहे का बघायचं. धोंडूआबा सगळ्यांत पुढे होते. त्यांना अब्रू परत मिळवायची होती.

पुस्तक करंजाच्या मुळ्यांत अडकलेलं मिळालं. धोंडूआबांच्या पायालाच लागलं. त्यांनी ते डोक्यावर धरून आणलं. "घ्या. पोयट्यातला पोयटा."

पुठ्ठा गेला होता. दाढीवाल्याचं चित्र गेलं होतं. बाकी सगळा एक चिखलाचा गोळा. इंदूने हात लावला तर पान फाटलं. तेव्हा बयाआजीच्या सुनेने तो गोळा तिच्याकडून काढून घेतला. स्वच्छ पाण्यात हलक्या हाताने धुतला, सुपात ठेवला, आणि जिथे पान सुटेल तिथे फटीत तांदळाची पिठी भुरभुरली, पापडांच्या चळतीत भुरभुरतात तशी. पिठीने पाणी ओढलं की पान सुटायचं. मग पुढची फट. चुलीच्या उबेला, शेजारणी गोळा होऊन, दुपारपर्यंत हेच चाललं. दाढीवाल्याची पानं पांढरी होऊन घरभर पसरली. कोंबड्या हाकलायचं काम माझ्याकडे होतं.

त्या कवितेचं शेवटचं पान आलं. इंदूने ते उजेडाला धरलं आणि ओठ हलवत वाचलं. सगळ्या बायका तिच्या ओठांकडे बघत होत्या.

"आहे," ती म्हणाली. "सगळं आहे."

"सांग!"

"संध्याकाळी. सगळ्यांपुढे."

संध्याकाळी कालच्याहून जास्त लोक आले. पोतंवालाही आला, या वेळी पोत्याशिवाय, बायकोला घेऊन. इंदूने आधी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत सांगितलं. म्हातारी दोघांना काहीच उत्तर देत नाही. पहाटे उठते, घरातलं सगळं बी ओटीत घेते आणि त्या नव्या जमिनीवर एकटी पेरून येते. भाऊ विचारतात, आई, आता हे पीक कुणाचं? ती म्हणते, ज्याला भूक लागेल त्याने कापावं, आणि कापताना दुसऱ्याला हाक मारावी.

मग एक म्हातारा म्हणाला, "बेरकी हाय म्हातारी," आणि सगळ्यांनी मान्य केलं.

मला विचाराल तर तो शेवट मला फारसा पटला नाही. दोघं कापायला आले की विळेच उगारतील. पण बायकांनी डोळ्यांना पदर लावले होते, म्हणून मी गप्प बसले.

पाटलांनी घसा खाकरला. "ताई, गोष्ट चांगली. पर त्या वर्गाचं..."

"त्या वर्गाचं मी सांगते," बयाआजी म्हणाली. "काल समद्या गावाची झोप उडाली. का? तर शेवट एकट्या हिलाच वाचता येतोय, आनि ही तर काल बुडतच व्हती. बुडाली असती म्हंजी? एकीच्याच पोटात शेवट ठेवायचा न्हाई. माजी नात उद्यापास्नं बसंल. आजून कुनाकुनाच्या पोरी हायत्या, बोला."

बायकांच्या भिंतीतून नावं यायला लागली. बापये एकमेकांकडे बघत राहिले. पोतंवाल्याच्या बायकोने त्याच्याकडे न बघताच दोन नावं सांगितली.

धोंडूआबा माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी उजवा कान पुढे करून विचारलं, "मावशी, काय ठरलं?"

"शाळा ठरली!" मी त्यांच्या कानात ओरडले.

"आँ? जाळं ठरलं?"

मी नाद सोडला.

गोदूताईंनी शब्द पाळला. विष्णूनेही पाळला, जरा तोंड वाकडं करून. करमाळ्याच्या बिजवराला माढ्याची मुलगी मिळाली आणि सुखात आहे असं ऐकते. इंदू आंबीतच राहिली. मी एकटी बार्शीला परत आले, एका पायात माझी वहाण आणि दुसऱ्यात बयाआजीची. धोंडूआबांनी मला स्टेशनावर पोचवलं ते लांबच्या पुलावरून.

त्या शनिवारी इंद्रायणीत धोंडूआबा होते, इंदू होती, मी होते, हरण्या आणि तांबडा हे दोन बैल होते. सगळे वाचलो.